बंदीचा हिवाळा

कपाटाच्या वरच्या कप्प्यातून ब्लँकेटं काढली की त्यांच्या घड्यांतून गेल्या हिवाळ्याची वाळू पडते. मी दर वर्षी धुऊन, झटकून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवते, तरी पडतेच. कुवेतची थंडी मला आधी कानाला कळते. एप्रिलपासून घरघरणारा एसी एका सकाळी बंद होतो आणि घर एवढं शांत होतं की खालच्या मजल्यावरची फोडणीसुद्धा ऐकू येते. मग रस्त्याच्या कडेला तंबू विकणारे बसतात, इथली कुटुंबं वाळवंटात मुक्कामाला निघतात, रेतीवर चार थेंब पडतात आणि ऑफिसात सगळे एकमेकांना पाऊस झाल्याचं सांगत सुटतात.

आता मी सबाह अल-सालेममध्ये राहते. रुंद रस्ते, दारात गाड्या, शुक्रवारी दुपारी सामसूम. त्या सामसुमीत, जुम्म्याची नमाज सुटली की, माझा कान अजूनही फोनकडे जातो. कुणाचा फोन यायचा नसतो. पण अब्बासियात, कामगारांच्या दाट वस्तीत, कबड्डीवेड्या बापाच्या घरात वाढलेला कान आहे तो. हिवाळा आला की त्याला मॅचचा निकाल हवा असतो.

अब्बासियात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. आई, बाबा आणि मी. आमच्या बरोबर खाली गाववाल्यांची खोली होती. रायगडातल्या एकाच खाडीच्या दोन्ही काठांवरची माणसं. सुतार, गवंडी, प्लंबर; सगळे बायकामुलं गावी ठेवून आलेले. लोखंडी दुमजली पलंग, एक भलंमोठं पातेलं, खिडकीत दोरीवर बनियन आणि बनियनांच्या मध्ये बोंबील. बाबा शटरिंगचे फोरमन. खैरानच्या समुद्रकाठी तेव्हा श्रीमंतांचे सुट्टीचे बंगले उभे राहत होते, तिथं त्यांचं काम. गुरुवारी संध्याकाळी कंपनीची बस त्यांना अब्बासियात आणून सोडायची. शुक्रवारी ते घरी जेवायचे आणि हात वाळायच्या आत खाली पळायचे. आई म्हणायची, "नवरा माझा, शुक्रवार त्यांचा."

खालच्या खोलीत फोन होता. गावच्या कॉलेजच्या मैदानासमोर एक एसटीडी बूथ होता. तो चालवणारा बाळ्या. कॉलेजच्या स्पर्धांचे विभागातले सामने आमच्याच मैदानावर व्हायचे. मॅच सुरू झाली की इथून बूथवर फोन लागायचा आणि बाळ्या बूथच्या दारात वायर ताणून उभा राहून दिसेल ते सांगायचा. इकडे रिसीव्हर एकाच्याच कानाला लागणार, म्हणून बाबा ऐकायचे आणि ऐकलेलं मोठ्यानं बोलायचे.

"चढाई आपली. गेला आत. निदान रेषा ओलांडली. डाव्या कोपऱ्याला हूल दिली. हात मारला... लागला! लागला रे!"

खोली उसळायची. पण बाबांच्या चेहऱ्यावर बातमी शब्दांच्या जरा आधी उमटायची. त्यामुळे सगळे जण टीव्हीकडे बघावं तसे बाबांच्या तोंडाकडे बघत बसायचे. भुवई वर गेली की अर्धी खोली टाळ्या पिटून मोकळी व्हायची. "अरे थांबा, माशी बसली होती," बाबा ओरडायचे. तुकाकाका, म्हणजे त्या खोलीतले प्लंबर आणि एके काळचे कॉलेजचे डावा कोपरा, चिडून म्हणायचे, "फोरमन, तोंड सरळ ठेवा हो. आमचा जीव जातो इथं."

आणि समोरच्या बकाल्याचे मालक हमीदचाचा. बकाला म्हणजे कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान. ते खाडीच्या पलीकडच्या काठचे. जुम्म्याची नमाज आटोपून, इस्त्रीचा पांढरा कुर्ता तसाच अंगावर ठेवून खालच्या पलंगाच्या टोकाशी बसायचे. कॉलेजात ते कबड्डी कधी खेळले नव्हते. "मी गेट सांभाळायचो," ते अभिमानानं सांगायचे. "फुकट्यांना आत नाय सोडायचो."

ही माणसं इथवर आली कशी, हे सांगायला हवं, कारण त्या हिवाळ्याचं मूळ तिथंच होतं. आमच्या खाडीकाठी एक रीत होती. कॉलेजच्या संघात एखादा पोरगा चमकला की आखातातल्या गाववाल्यांना कौतुक आवरायचं नाही. ढाल, हार, फेटा हे गावानं द्यायचं. आखातातल्यांनी व्हिसा द्यायचा. बाबा उजवा मध्यरक्षक होते. त्यांनी एका मॅचमध्ये तीन पकडी केल्या आणि सुट्टीवर आलेला एक जुना फोरमन म्हणाला, ह्या हातांना माझ्याकडे काम आहे. तुकाकाका तसेच आले. दुमजली पलंगांवर झोपणाऱ्यांपैकी निम्म्यांहून जास्त तसेच. म्हणजे दर हिवाळ्यात "आपल्याला डावा कोपराच मिळत नाय" म्हणून जी खोली हळहळायची, त्या खोलीतच तीन डावे कोपरे बसलेले असायचे. हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. प्रेम होतं ना. प्रेमात माणूस हिशेब बघत नाही.

माझ्या ध्यानात आलं ते पत्रकांमुळे. शाळेत मला मराठी नव्हतं. घरी गावाहून सुक्या कोलंबीचे सोडे, कोकम, पोह्याचे पापड यायचे ते माझ्या मामाकडून. मामा एका कामगार संघटनेत होता आणि उरलेल्या पत्रकांत सामान गुंडाळायचा. मी मराठी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर, सोड्यांचा वास घेत घेत. त्यामुळे माझी पहिली मराठी वाक्यं "एक होती चिऊ" अशी नव्हती. "बंधू-भगिनींनो, हे किती काळ सहन करायचं?" अशी होती. आजही एखादा अन्याय दिसला की मला आधी सोड्यांचा वास येतो.

तर त्या वर्षी, मी अकरावीत असताना, हिवाळा आला आणि पाठोपाठ बंदी आली.

आधल्या हंगामात कॉलेजनं विभागाची ढाल जिंकली होती. त्या संघातला एक खेळाडू कॉलेजचा विद्यार्थीच नव्हता. क्रीडाशिक्षकांनी त्याला ओळखपत्र करून दिलं होतं. हरलेल्या कॉलेजनं तक्रार केली, चौकशी झाली, विद्यापीठानं ढाल परत मागवली आणि संघावर एका हंगामाची बंदी घातली. बाळ्यानं हे फोनवर सांगितलं तेव्हा बाबा नेहमीसारखे मोठ्यानं बोलू लागले आणि "बंदी" शब्दापाशी त्यांचा आवाजच खाली गेला.

"सगळीच कॉलेजं करतात," तुकाकाका तडकले. "आपलं तेवढं दिसलं त्यांना."

"चोरी ती चोरी, तुका," हमीदचाचा म्हणाले. "ढाल द्यायलाच पायजे. ती घरात ठेवून झोप लागंल काय तुला?"

"मला का नाय लागणार? ढाल कॉलेजात हाय."

"मनात ठेवलीस ना."

ढालीबद्दल माझं हमीदचाचांशी एकमत होतं. पण बंदीनं माझं रक्त उकळलं, आणि खरं सांगायचं तर अजून उकळतं. खोटं ओळखपत्र करणारे सर? संस्थेनं त्यांना दुसऱ्या शाखेत हलवलं आणि तिथं ते उपप्राचार्य झाले. बाहेरचा खेळाडू? तो आपल्या वाटेनं गेला. कागदावर सही करणारे? त्यांच्या सहीला बंदी नव्हती. घरी बसले ते सात-आठ पोरगे, ज्यांतले निम्मे आधल्या वर्षी बारावीत होते. ज्यांनी ढालीला हात लावला नव्हता त्यांचे हात बांधले. नियम हवेत, कडक हवेत, ह्या मताची मी आहे. पण शिक्षा देणाऱ्याला गुन्हेगार शोधायचा कंटाळा आला की तो त्या जागी उभा असलेल्या कुणालाही शिक्षा देतो, आणि त्याला शिस्त म्हणतो. मग ते विद्यापीठ असो, कारखाना असो की सरकार.

त्या हिवाळ्यातले शुक्रवार मला बाकी सगळ्या हिवाळ्यांपेक्षा स्वच्छ आठवतात. मॅच नव्हती, तरी माणसं जमायची. पातेल्यात भात शिजायचा, हीटरच्या तांबड्या तारेसमोर पाय पसरले जायचे, हमीदचाचा कुर्त्यात यायचे आणि बाबा बूथवर फोन लावायचे.

"काय चाललंय रे बाळ्या?" मग खोलीकडे वळून, "गुरं बसलीत म्हणतो मैदानात."

"किती?" पलंगावरून कुणीतरी विचारायचं.

"सात."

"मग संघ पुरा हाय की!"

हसायचे. मग हसणं थांबलं की खरा प्रश्न यायचा: कोण राहिलं, कोण गेलं? दर शुक्रवारी एक नाव गळायचं. बंदीच्या वर्षी खेळायला मिळणार नाही म्हटल्यावर कोण थांबणार? एक पोरगा पनवेलच्या कॉलेजात गेला. एकाला पोलिसात घेतलं. एक दुबईला मेव्हण्याकडे. बारावीतून येणारे चांगले पोरगे आमच्या कॉलेजचा फॉर्मच भरत नव्हते. बाबा नाव सांगायचे आणि एखाद्याच्या घरची वाईट बातमी आल्यासारखे सगळे माना खाली घालून भात चिवडायचे. मोठी, रापलेली, कामाची माणसं. दिवसभर उन्हात लोखंड वाकवणारी. आणि समुद्रापलीकडच्या एका कॉलेजात कोपरा कोण धरणार ह्या काळजीनं त्यांचं जेवण गार व्हायचं. आई म्हणायची, वेडी आहेत. मला ती वेडी वाटली नाहीत. गावात त्यांचं आता घर होतं, बायको होती, वीजबिल होतं. पण जिथं ती एकेकाळी जोरात होती, अशी जागा एकच होती, आणि ती वाळत चालली होती.

उरला शैलेश. दुसऱ्या वर्षाला असलेला, उंच, काटकुळा, बाळ्याच्या भाषेत "वाऱ्यासारखा" चढाईपटू. खोलीतल्या एकानंही त्याला खेळताना पाहिलं नव्हतं. बाबांच्या तोंडून ऐकलेला शैलेशच सगळ्यांना माहीत होता. जानेवारीत कळलं की मुंबईच्या एका कॉलेजचे सर त्याच्या घरी येऊन गेले: फी माफ, हॉस्टेल, दोन जोड बूट. खोलीत हलकल्लोळ झाला. शैलेशला बूथवर बोलावून घेतलं आणि रिसीव्हर ह्या हातातून त्या हातात फिरला.

"अरे, तिकडं तुला बाकावर बसवतील!"

"आपलं मैदान कोण बघंल रे?"

"शैल्या, बेटा," हमीदचाचा म्हणाले, "मी तुझ्यासाठी दुवा मागितलीय. आता मला मान खाली घालायला लावू नको."

पुढच्या शुक्रवारी बाळ्यानं सांगितलं: शैलेश मुंबईला जात नाही. थांबतोय. बंदी उठली की खेळणार. बाबांची भुवई वर गेली आणि त्या दिवशी कुणी थांबलं नाही. तुकाकाकांनी वरच्या पलंगावरून खाली उडी मारली. हमीदचाचांनी बकाल्यातून चॉकलेटचा खोकाच आणला.

आणि तिथंच ती चूक झाली, जी फक्त ह्याच माणसांच्या हातून होऊ शकते.

"पोरानं आपल्या शब्दाखातर मुंबई सोडली," तुकाकाका चॉकलेटचा कागद सोडवत म्हणाले. "त्याच्यासाठी कायतरी करायला पायजे."

बाबा म्हणाले, "मंदूब म्हणत होता, खैरानच्या कामाला एक व्हिसा आहे माझ्या हातात." मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं करणारा माणूस.

मग चार तोंडांतून एकच नाव आलं, "शैलेश!" एकमेकांच्या पाठीवर थापा पडल्या. काय सुंदर कल्पना सुचली, अशा चेहऱ्यानं सगळे बघत होते.

मी आईनं दिलेलं आमटीचं भांडं घेऊन दारात उभी होते. "अहो पण," मी म्हटलं, "मग खेळणार कोण?"

"तू भांडं ठेव आणि अभ्यासाला जा," बाबा म्हणाले.

मी अभ्यासाला गेले आणि पत्रक लिहिलं. शाळेच्या वहीचा कागद, लाल पेन. "क्रीडाप्रेमी बांधवांनो, जागे व्हा! संघ कोण फोडतं? पनवेल? मुंबई? नाही! आरशात बघा! आपल्या हुकमी चढाईपटूला आखातात ओढण्याच्या कारस्थानाचा जाहीर निषेध!" आणि ते त्यांच्या दारावर बाहेरून चिकटवलं. आईनं जिन्यातून जाताना पाहिलं आणि नखांनी ओरबाडून काढलं. "अगं, हा काय आपला देश आहे? भिंतीवर काही लावलं म्हणून उचलून नेतात इथं माणसांना!" तोवर तुकाकाकांनी ते वाचलं होतं; तिच्या हातून कागद घेऊन ते आत गेले.

"फोरमन, तुमच्या पोरीनं आपला निषेध केलाय."

"कशाबद्दल?" हमीदचाचांनी विचारलं, आणि चुरगळलेला कागद गुडघ्यावर सपाट करून हळूहळू वाचला. वाचून झाल्यावर खोलीकडे एकेक करून बघितलं, पलंग मोजल्यासारखं. "तुका," ते म्हणाले, "तू इथं कसा आलास रे?"

तुकाकाका वरच्या पलंगावर चढले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

त्यानंतरचा आठवडा भांडणात गेला. अर्धी खोली म्हणे, व्हिसा दुसऱ्या कुणाला द्या, पोरगा तिथंच राहू दे. अर्धी म्हणे, त्यानं आपलं ऐकलं, आता त्याला उघड्यावर टाकायचं का? व्हिसा धरून ठेवता येत नाही. महिन्याभरात नाव द्यायचं, नाहीतर गेला. बाबा दोन्ही बाजूंनी डोकं हलवायचे. त्यांना संघ हवा होता. शैलेशचं भलंही हवं होतं. अखेर शुक्रवारी त्यांनी शैलेशला बूथवर बोलावलं आणि सांगितलं: व्हिसा आहे खरा, पण आमचं मत पडतं की तू येऊ नयेस. कॉलेजला तुझी गरज आहे.

मग बाबा ऐकत राहिले. आम्ही सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. पहिल्यांदाच ते ऐकलेलं बोलून दाखवत नव्हते. मध्ये एकदा "सांग, काय पायजे" आणि शेवटी "नसतो रे", एवढंच ते बोलले आणि त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

बाबा घोटभर पाणी प्यायले. "म्हणाला, काका, मुंबईला जाऊ नको म्हणालात, नाय गेलो. आता कुवेतला येऊ नको म्हणता. लग्नाला गेलो तर लोक माझ्या मांड्या दाबून बघतात, बैलाच्या बघतात तशा. तुला काय पायजे, हे अजून कुणी विचारलं नाय. मी म्हटलं, सांग, काय पायजे. तर म्हणाला, मला घर बांधायचंय आणि मला खेळायचंय. दोन्ही होतील असा व्हिसा असतो का?"

हीटरची तार गुणगुणत होती. हमीदचाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

माझ्या पत्रकात तो "हुकमी चढाईपटू" होता. त्याचं नाव मी कुठंच लिहिलं नव्हतं. पत्रकं अशीच असतात. त्यांत कामगार असतो, जनता असते, बांधव असतात, शैलेश नसतो. मी पत्रकांना आजही मानते, जगात पुष्कळ गोष्टी त्यांनीच हलवल्या. पण विद्यापीठानं त्याला एक हंगाम घरी बसवलं, आणि आम्ही सगळे मिळून, प्रेमानं, चॉकलेट वाटून, त्याला जन्मभर एका मैदानात बसवायला निघालो होतो. ह्या दोन बंद्यांतली मोठी कुठली, हे त्या खोलीत त्या दिवशी कुणाला सांगायची गरज पडली नाही. शनिवारी बाबांनी मंदूबकडे शैलेशचं नाव दिलं.

तो आला तेव्हा थंडी ओसरत होती आणि वर्षातलं पहिलं धुळीचं वादळ येऊन गेलं होतं. इमारतीमागच्या रिकाम्या जागेत, जिथं एरवी गाड्या लागत, बाबांनी साइटवरच्या जिप्समच्या पावडरीनं मैदान आखलं. पोट सुटलेले तीन डावे कोपरे पँटचे पाय दुमडून उभे राहिले. शैलेश मध्यरेषेवर आला, वाकून वाळूला हात लावला आणि दम धरून आत गेला. मी जिन्याच्या खिडकीतून पाहिलं. तो गेला कधी, वळला कधी, काही कळलं नाही, तिघे वाळूत पडलेले होते आणि तुकाकाका पडल्या पडल्या ओरडत होते, "अरे, हा खरंच वाऱ्यासारखा हाय की!" बाबा रेषेबाहेर उभे होते. बंदीच्या आधीचा अख्खा हिवाळा त्यांनी त्याची चढाई आपल्या तोंडानं सांगितली होती. आता ती समोर होत होती आणि त्यांना एक शब्द सुचत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे कंपनीची बस शैलेशला खैरानला घेऊन गेली.

पुढच्या हिवाळ्यात बंदी उठली. कॉलेजनं कसेबसे सात जमवले. त्यातला एक क्रिकेटवाला, एकाला चष्मा. पहिल्या सामन्याच्या शुक्रवारी खोलीत उभं राहायला जागा नव्हती. शैलेश खालच्या पलंगावर भिंतीला टेकून बसला होता. वर्षभरात त्याचे खांदे रुंद झाले होते, तळव्यांना शटरिंगच्या फळ्यांचे घट्टे पडले होते. बाबा ऐकत होते, सांगत होते. आपले तीन गेले. चार गेले. प्रत्येक चढाईला ब्लँकेटखाली शैलेशचा पाय हलत होता.

"आता चष्मेवाला जातोय," बाबा म्हणाले. "त्यांचे सहा आत."

"काका, त्यांचा उजवा कोपरा कुठं उभाय? मागं की पुढं?"

बाबांनी बाळ्याला विचारलं. "मागं, म्हणतो."

शैलेश उठला, दोन पलंगांमधून वाट काढत आला आणि त्यानं हात पुढे केला. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, आणि रिसीव्हर दिला.

"बाळ्यादादा! ओरडून सांग त्याला, उजव्या कोपऱ्याकडं जाऊ नको! ती हूल हाय! ओरड!"

शैलेशनं रिसीव्हर कानापासून लांब, आमच्याकडे वळवून धरला. तिकडचा रिसीव्हर लाकडी काउंटरवर आपटल्याचा आवाज आला, मग पावलं, मग लांबून, मैदानाच्या कडेवरून, बाळ्याची बारीक झालेली आरोळी. आम्ही सगळे श्वास रोखून होतो, जणू आपणच दम धरलाय. बाळ्या धापा टाकत परत आला. शैलेशनं ऐकलं.

"काय म्हणतो?" तुकाकाकांनी विचारलं.

"सांगितलं म्हणतो. पण तवर चढाई संपली होती."

बाबा त्याच्या रिकाम्या जागेवर, भिंतीला टेकून बसले. शैलेशनं तळव्यानं दुसरा कान बंद केला.

"हरकत नाय," तो फोनमध्ये म्हणाला. "आता पुढचा कोण जातोय ते आधी सांग."